चिलटांची साक्ष

पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांच्या फणीभोवती जी बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात, त्यांच्याकडे कौतुकाने पाहणारी गृहिणी विरळाच. फडके झटकून त्यांना हाकलावे आणि केळी गायीपुढे टाकावीत, हा घरोघरीचा परिपाठ. गोव्यात काजूच्या हंगामात बोंडे तुडवून रस काढतात, तेथेही यांचे थवे जमतात. आंबू लागलेल्या फळाचा वास हेच त्यांचे आमंत्रण. आंब्यात अंडी घालणारी जी फळमाशी बागायतदाराची झोप उडविते, ती मात्र निराळी. तिचे कुळही निराळे. आजच्या भाषणाचा विषय केळ्यांवरचे हे चिलट आहे. शास्त्रज्ञांनी त्याला ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर असे भारदस्त नाव दिले आहे. ड्रॉसोफिला म्हणजे दवाची आवड असणारी, आणि मेलॅनोगॅस्टर म्हणजे काळ्या पोटाची. नाव एवढे लांबलचक, आणि जीव जेमतेम तीन मिलिमीटरांचा!

या क्षुद्र जीवाने आनुवंशिकीच्या शास्त्राचे केवढे तरी ओझे आपल्या पाठीवर वाहिले आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांनी दुधाच्या बाटल्यांत केळ्याचा गर घालून ही चिलटे पाळली. अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास सुमारे दहा दिवस, गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या, आणि पोसण्याचा खर्च नगण्य. संशोधकाला याहून सोयीचे जनावर मिळावयाचे कोठून? १९१० साली लाल डोळ्यांच्या असंख्य माश्यांत मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला, आणि त्याच्या वंशावळीवरून जनुके गुणसूत्रांवर वसलेली असतात या सिद्धान्ताला भक्कम पुरावा मिळाला. त्या जनुकाचे नावच ‘व्हाइट’, म्हणजे पांढरे, असे पडले. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण पंचाऐंशी वर्षांनी ते या हकीकतीत पुन्हा येणार आहे, आणि तेही डोळ्यांच्या रंगाशी संबंध नसलेल्या एका प्रकरणात.

मॉर्गन यांचे शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१५ साली या माश्यांच्या प्रणयाराधनाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. नराचे पंख कापले तर त्याची याचना मान्य होण्यास अधिक वेळ लागतो, असे त्यांना आढळले. त्या आराधनेचा क्रम मोठा पाहण्यासारखा असतो. नर प्रथम मादीकडे तोंड करून उभा राहतो, मग तिच्या मागोमाग चालू लागतो. जवळ येताच पुढच्या पायाने तिच्या पोटाला हलकेच शिवतो. हा नुसता स्पर्श नव्हे. ही चव घेणे होय, कारण या जातीच्या पायांवरही चवीची ग्रहणेंद्रिये असतात. पुढे एक पंख आडवा पसरून तो थरथरवितो. त्यातून निघणारे गाणे माणसाच्या कानाला सहजी ऐकू येत नाही, परंतु सूक्ष्म ध्वनिग्राहकाने टिपले असता ठरावीक अंतराने पडणारे ठोके त्यात आढळतात, आणि हे अंतर जातीजातीगणिक निराळे असते. गाणे रुचले तर मादी आपली चाल मंद करते. न रुचले तर पंख फडकाविते, लाथ मारते आणि सरळ चालू लागते. सारे जमून आले तर समागम होतो, व तो सुमारे वीस मिनिटे चालतो.

हा विधी नराला कोणी शिकविलेला नसतो. कोषातून बाहेर पडल्याबरोबर ज्याला एकटे कोंडले, अशा नरापुढे आयुष्यात प्रथमच मादी आणून सोडली, तरी तो पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत बिनचूक जातो. उपजत प्रेरणा म्हणतात ती हीच. मग नर नराशी असे कधी वागतच नाही काय? वागतो, पण थोडे. नुकत्याच कोषातून निघालेल्या कोवळ्या नराभोवती प्रौढ नर पंख थरथरवीत फिरताना दिसतात. त्या कोवळ्या वयात नराच्या अंगाला प्रौढ नराचा वास नसतो. चार वेळा असा व्यर्थ प्रयत्न केल्यावर नर शहाणा होतो व तो नाद सोडतो. प्रौढ नर प्रौढ नराच्या वाटेस सहसा जात नाही.

१९६३ साली अमेरिकेच्या येल विद्यापीठात कुलबीर सिंग गिल हे भारतीय संशोधक माश्यांच्या वंध्यत्वाचा अभ्यास करीत होते. त्यांचे लक्ष होते माद्यांकडे. कोणत्या जनुकातील बिघाडाने मादी वांझ होते, हा त्यांचा प्रश्न. क्ष-किरणांनी बिघडविलेल्या एका वाणात त्यांना भलतेच दृश्य दिसले. तेथील नर वंध्य होते, आणि ते माद्यांप्रमाणेच एकमेकांचेही आराधन करीत होते. गिल यांच्या प्रश्नाशी या गोष्टीचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या एखाद्याने ती बाटली बिघडलेली समजून धुवून टाकली असती, व आपल्या माद्यांकडे वळला असता. गिल यांनी थांबून पाहिले, आणि जे दिसले त्याचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. विज्ञानाच्या इतिहासात अशी थांबणारी माणसे थोडी असतात. त्यांची नावेही फारशी कोणाच्या तोंडी राहत नाहीत.

त्या जनुकाला आरंभी जे नाव पडले ते मात्र शोभण्यासारखे नव्हते. ‘फ्रुटी’ असे ते नाव. फळमाशीच्या नावावर ती कोटी होतीच, पण अमेरिकेतील बोलभाषेत समलिंगी पुरुषांची टवाळी करण्यासाठी वापरला जाणारा तो शब्दही होता. पुढे जेफ्री हॉल यांच्या अभ्यासातून हे जनुक ‘फ्रुटलेस’, म्हणजे निष्फळ, या नावाने रूढ झाले, कारण त्या नरांना संतती होत नाही. जपानात दाइसुके यामामोतो यांच्या संशोधकगटाला स्वतंत्रपणे असाच एक वाण सापडला. त्यातील नर माद्यांकडे ढुंकूनही पाहात नसत आणि नरांच्या मागे जात. त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘सातोरी’. हा बौद्ध परंपरेतील शब्द असून त्याचा अर्थ बोधप्राप्ती. स्त्रीविषयीच्या वासनेतून मुक्त झालेला तो ज्ञानी, अशी ती कल्पना! पुढे दोन्ही वाणांतील बिघाड एकाच जनुकाचा निघाला. एकाने त्याला चव्हाट्यावरची शिवी दिली, दुसऱ्याने मठातील पदवी. माशीला अर्थात दोहोंचाही पत्ता नव्हता. नावावरून माशीपेक्षा नाव ठेवणाऱ्याची ओळख अधिक पटते.

हॉल हे पुढे २०१७ साली नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. तो सन्मान त्यांना शरीरातील घड्याळाच्या शोधासाठी मिळाला, आणि तेही संशोधन याच माशीवर झालेले होते. १९७८ साली त्यांनी ‘फ्रुटलेस’ नरांच्या वर्तनाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. असे अनेक नर एकत्र ठेवले की त्यांची साखळी तयार होते. प्रत्येक जण पुढच्याचे आराधन करतो व स्वतः मागच्याच्या आराधनेचा विषय होतो. ही साखळी कधी वळसा घेऊन वर्तुळही होते. पाहणाऱ्यास हसू येणे साहजिक आहे. परंतु प्रयोगशाळेत हसण्यापेक्षा मोजण्याला महत्त्व. सेंटिमीटरभर व्यासाच्या पारदर्शक कोठडीत दोन माश्या सोडावयाच्या, हातात घड्याळ घेऊन बसावयाचे, आणि निरीक्षणाच्या एकूण वेळेपैकी किती वेळ नर पाठलाग, स्पर्श वा पंखवादन करीत होता याचे प्रमाण काढावयाचे. साऱ्या शास्त्राचा पाया या प्रमाणावर उभा आहे. त्यात ‘आवड’ मोजलेली नसते, ‘प्रेम’ मोजलेले नसते. मिनिटे आणि सेकंद मोजलेले असतात.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण सारी मेख येथेच आहे. समजा, भर दुपारी एक मनुष्य एका घराचे दार ठोठावीत उभा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसते ते एवढेच. तो तेथे का आला असेल? दारावरची पाटी कोणी काढून टाकली असेल. पाटी असेल, पण त्याला वाचता येत नसेल. एरवी भुंकून माघारी लावणारा कुत्रा आज बांधून ठेवलेला असेल. बरोबरच्या मंडळींनी त्याला आणले असेल. किंवा तो त्याच घरी येण्यास निघालेला असेल. ठोठावणे सर्वांचे सारखेच. कारणे मात्र निरनिराळी. नराने नराचे आराधन केले हे दृश्य असेच एक ठोठावणे आहे, आणि गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी त्यामागची कारणे एकेक करून वेगळी काढली.

पाटीपासून आरंभ करू. माशीच्या अंगावर मेणासारख्या द्रव्यांचा पातळ लेप असतो. नराचा लेप निराळा, मादीचा निराळा. तीच तिची पाटी. २००९ साली कॅनडातील संशोधकांनी हा लेप तयार करणाऱ्या पेशीच माशीच्या शरीरातून नाहीशा केल्या. अशा कोऱ्या पाटीच्या नरांमागे अन्य नर लागले. लागणाऱ्या नरांत काहीच बिघाड नव्हता. बदल झाला होता तो ज्याच्या मागे लागले त्याच्या अंगी. बिघाड शोधावयाचा तो नेहमी करणाऱ्यातच, ही आपली सवय येथे उपयोगी पडत नाही.

आता कुत्र्याची गोष्ट. प्रौढ नराच्या अंगावरील काही द्रव्ये दुसऱ्या नराला दूर सारतात. त्यांपैकी एकाचा वास नराच्या शृंगिकांना कळतो. त्याचे ग्रहणद्वार नष्ट केलेले नर दुसऱ्या नरांचेही आराधन करू लागतात, असे २००७ साली व्हिएन्ना येथील प्रयोगांत आढळले. दुसरे द्रव्य चवीने कळते. कडू पदार्थ ओळखण्याच्या कामी येणारे एक ग्रहणद्वार तेच काम येथेही करते. तेही नष्ट केले की परिणाम तोच. कुत्रा बांधला गेला, एवढाच त्याचा अर्थ. माशीच्या घ्राणशक्तीच्या या अभ्यासात मुंबईचाही वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला, आणि पुढे माशीला वास व चव कशी कळते या प्रश्नाला जनुकांच्या मार्गाने हात घातला. केनियात जन्मलेल्या, परंतु मातापिता मूळचे गोव्याचे असलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तेथेच या कामाचा पाया घालण्यास साहाय्य केले. नराच्या वर्तनाचे जे प्रयोग पुढे जगभर झाले, ते घ्राणेंद्रियाच्या अशा ज्ञानावाचून शक्य नव्हते.

पाटी आहे, वासही येतो, पण त्याचा अर्थच उलटा लागतो, असेही घडू शकते. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली असा एक वाण वर्णिला. त्यातील बिघाड चेतापेशींमधील संदेशवहनाशी संबंधित होता, आणि त्यामुळे इतरांना दूर सारणारा नराचा गंध या नरांना जवळ ओढीत असे. विशेष हे की पूर्ण वाढ झालेल्या माशीत औषधाने काही तासांत हे वर्तन घडविता येई, आणि नाहीसेही करता येई. एकच गंध, एकच नाक. बदलला तो फक्त आतला तोल.

बरोबरच्या मंडळींचा प्रकार सर्वांत चमत्कारिक. १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शांग-डिंग झांग व वॉर्ड ओडेनवाल्ड यांनी मॉर्गन यांचे तेच ‘व्हाइट’ जनुक, जे एरवी डोळ्यांच्या रंगद्रव्याची वाहतूक करते, माशीच्या सर्व शरीरात कार्य करील अशी योजना केली. उष्णता दिली की जनुक जागे व्हावे असा बेत. जनुक जागे झाले आणि नरांच्या साखळ्या बनू लागल्या. येथवर ठीक. परंतु त्या घोळक्यात ज्यांच्यात कोणताही फेरफार केलेला नाही असे साधे नर सोडले, तेव्हा काही वेळाने तेही त्या आराधनेत सहभागी झाले. जनुक न बदलताही वर्तन बदलले. शोधनिबंधातच नमूद आहे की नराच्या कामवर्तनात जनुके आणि परिस्थिती या दोहोंचाही भाग असतो.

राहता राहिला तो त्या घरी जाण्यास निघालेला मनुष्य. म्हणजे आराधनेचा मूळ आराखडाच. १९९६ साली अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळांनी मिळून ‘फ्रुटलेस’ जनुक हाती घेतले आणि त्याचे अंतरंग उलगडले. हे जनुक नरात असते तसेच मादीतही असते. फरक पडतो तो बेतण्यात. शिंप्याकडे एकाच ठाणातले कापड नेले, तरी एकातून सदरा बेतता येतो व दुसऱ्यातून चोळी. त्याचप्रमाणे या जनुकाचा संदेश नराच्या शरीरात एका तऱ्हेने कातरला जातो, मादीच्या शरीरात दुसऱ्या तऱ्हेने. आणि नराच्या कातरणीतूनच एक विशिष्ट प्रथिन तयार होते. हे प्रथिन अन्य जनुकांना चालू वा बंद करणाऱ्या प्रथिनांपैकी आहे. पुढील शोधांत असे दिसले की ते सुमारे दोन हजार चेतापेशींत आढळते, आणि त्या पेशी वास घेण्यापासून पंख हलविण्यापर्यंतच्या वाटेवर जागोजाग पसरलेल्या असतात. त्यांतच मेंदूच्या प्रत्येक बाजूस सुमारे वीस पेशींचा एक पुंजका आहे, जो मादीत नसतोच. वास, चव आणि दृष्टी यांच्याकडून आलेल्या वार्ता तेथे एकवटतात, आणि आराधनेस आरंभ करावयाचा की नाही याचा कौल तेथून मिळतो.

२००५ साली व्हिएन्ना येथे एब्रू देमिर आणि बॅरी डिक्सन यांनी या कातरणीवरच प्रयोग केला. माद्यांमध्ये हा संदेश नराच्या तऱ्हेने कातरला जाईल अशी व्यवस्था केली. शरीराने त्या माद्याच राहिल्या. पण त्या अन्य माद्यांच्या मागे जाऊ लागल्या, पायाने शिवू लागल्या, एक पंख पसरून थरथरवू लागल्या. उलट ज्या नरांत मादीच्या तऱ्हेची कातरणी झाली, त्यांची आराधना जवळजवळ थांबली. एका जनुकाच्या एका कातरणीने एवढ्या गुंतागुंतीच्या वर्तनाचा पाट वळवावा, ही खरोखरच थक्क करणारी गोष्ट होती. वृत्तपत्रांनी अर्थातच तिचे मथळे केले, आणि त्या मथळ्यांतून वाचक माशीवरून माणसावर केव्हा आला हे त्याचे त्यालाही समजले नाही.

त्या प्रयोगाचे उत्तर म्हणून नव्हे, पण त्याला पुरवणी म्हणून आणखी एक प्रयोग सांगितला पाहिजे. २०१४ साली युफेंग पान व ब्रूस बेकर यांनी ज्यांच्यात ‘फ्रुटलेस’चे ते नरविशिष्ट प्रथिन मुळीच नाही असे नर घेतले. एकटे वाढविले तर ते आराधन करीतच नाहीत, हे ठाऊक होते. या दोघांनी त्यांना एकट्याने न ठेवता अन्य माश्यांच्या संगतीत ठेवले. तेव्हा त्या नरांना आराधन करता येऊ लागले! ज्या माश्यांच्या संगतीत ते राहिले त्यांचेच आराधन ते करू लागले; मग त्या माश्या नर असोत, माद्या असोत वा दुसऱ्या जातीच्या असोत. हे वर्तन निदान आठवडाभर टिकले. यालाही जनुक लागतेच, पण ते दुसरे, ‘डबलसेक्स’ नावाचे. म्हणजे उपजत आणि शिकलेले यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधून ठेवली आहे, ती माशीच्या डोक्यातसुद्धा धड उभी राहत नाही.

माणसांच्या वादात ही माशी साक्षीदार म्हणून ओढली जाते तेव्हा काय होते, हे आता सहज ध्यानी येईल. एक पक्ष २००५ चा प्रयोग उचलतो व म्हणतो, पाहा, हे जन्मजात आहे, येथे कोणाचा काय दोष? दुसरा पक्ष १९९५ किंवा २०१४ चा प्रयोग उचलतो व म्हणतो, पाहा, हे संगतीने जडते, तेव्हा संगत आवरा. दोघांनीही माशीच्या तोंडी आपापले वाक्य घातलेले असते. ‘फ्रुटलेस’ जनुकाच्या तोडीचे, कामवर्तनाचा सारा आराखडा ठरविणारे जनुक माणसात सापडलेले नाही. २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख माणसांच्या जनुकीय माहितीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलिंगी संबंधांशी निगडित अशी पाच स्थाने त्यात आढळली, पण प्रत्येकाचा प्रभाव अत्यल्प. सारे जनुकीय भेद एकत्र धरले, तरी माणसामाणसांतील फरकाचा आठ ते पंचवीस टक्के एवढाच भाग त्यांनी समजतो, आणि त्यावरून कोणा एका व्यक्तीविषयी भाकीत करता येत नाही, असे संशोधकांनी स्पष्ट म्हटले. उरलेला भाग सारा संगतीचा, असे मात्र त्यावरून कोणी समजू नये. जनुकाबाहेरचे ते सारे ‘शिकलेले’ असे नसते. जन्मापूर्वीची शरीरातली घडण आणि निव्वळ योगायोगही त्यात येतात. शिवाय माशीच्या कोठडीत मोजले ते पाठलागाचे सेकंद. माणसाच्या बाबतीत प्रश्न असतो तो एका आयुष्याने दुसऱ्या आयुष्याशी जोडून घेण्याचा. ही दोन्ही एकाच मापाने मोजणारा तराजू अद्याप कोणी घडविलेला नाही.

आपल्या देशात हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमात ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना शिक्षा सांगितली होती. दीडशेहून अधिक वर्षे या एका शब्दाच्या आधारे माणसे धाकात राहिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढ व्यक्तींमधील परस्परसंमतीचे असे संबंध गुन्हा ठरत नाहीत असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत तर ते कलमच नाही. न्यायालयाने हा निर्णय व्यक्तीची प्रतिष्ठा, समता आणि खाजगी जीवन यांच्या आधारे दिला, आणि तेच योग्य होते. माशीच्या आधाराने दिलेला न्याय माशीवरच्या पुढच्या प्रयोगाने डळमळला असता.

निसर्ग हा शब्द मोठा फसवा आहे. ‘निसर्गात असे घडतच नाही’ असे कोणी म्हणेल, तर त्याला केळ्याच्या फणीवरील कोवळ्या नराभोवती पंख थरथरविणारा प्रौढ नर दाखविता येईल. तेवढ्यापुरती माशीची साक्ष ग्राह्य आहे. पण ‘निसर्गात घडते म्हणून योग्य’ असे म्हणू लागलो, तर त्याच बाटलीत दुसरेही काही दिसते. याच चिलटाच्या अळ्या आपल्याच जातीच्या अळ्यांवर हल्ला करून त्यांना खातात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले गेले. त्यावरून कुटुंबधर्माचा धडा घेण्याचे मात्र कोणाच्या मनात आलेले नाही.

चिलटांचा अभ्यास चालूच आहे. २०२४ साली एका प्रौढ माशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यामधील सुमारे पाच कोटी जोडण्या टिपलेल्या आहेत. ती माशी मादी होती, म्हणून नराच्या त्या वीस पेशींचा पुंजका तीत असण्याचे कारण नव्हते. दरम्यान ‘फ्रुटलेस’ जनुक सूचीमध्ये ‘फ्रु’ या संक्षिप्त नावाने नोंदले जाते. जुने टवाळीचे नाव काय, नंतरचे नाव काय, दोन्ही त्या छोट्या नावात सामावतात. त्याचे जे अनेक वाण पुढे निघाले, त्यांना अनुक्रमांक आहेत; आणि त्यांतील पहिला क्रमांक आहे तो माद्यांचे वंध्यत्व तपासता तपासता कुलबीर सिंग गिल यांना जो दिसला, त्या वाणाचा.